सीटी स्कॅनवर ओळखीच्या रूपात न दिसणारे मेटास्टॅसिस

एका तरुण फिजिशियन सहकाऱ्याने विचारलेला प्रश्न असा आहे. पन्नाशीतल्या एका महिलेला तीन वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. रेडिएशन आणि केमोथेरपी पूर्ण झाल्यावर त्यांची प्रकृती चांगली होती. आता दोन महिन्यांपासून खोकला आहे, वजन उतरले आहे आणि छातीच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत पातळ भिंतीच्या पाच-सहा पोकळ्या दिसत आहेत. रिपोर्टमध्ये क्षयरोगाची शक्यता अधिक असल्याचे लिहिले आहे. बेडक्याच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या आहेत आणि टीबीची औषधे सुरू करून सहा आठवडे झाले तरी काही फरक नाही. मेटास्टॅसिस, म्हणजे मूळ जागेवरून दुसऱ्या अवयवात पसरलेला कर्करोग, अशा पोकळ्यांच्या रूपात दिसू शकते का, आणि सीटीवर ते आणखी कोणत्या अनपेक्षित रूपांत दिसते?

होय, दिसू शकते. आणि या रुग्णाच्या बाबतीत मी तीच शक्यता सर्वांत आधी पडताळली असती. फुप्फुसातले मेटास्टॅसिस म्हणजे दोन्ही बाजूंना, विशेषतः खालच्या भागांत आणि कडेला विखुरलेल्या, लहानमोठ्या, गोल आणि भरीव गाठी, हे चित्र आपण सगळेच शिकतो आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. अडचण अशी की, त्या चित्रात न बसणारी गोष्ट दिसली की मन आपोआप दुसऱ्या आजाराकडे वळते, आणि आपल्या प्रदेशात तो दुसरा आजार बहुधा टीबीच असतो.

लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून एक मूलभूत विचार मांडला होता: कर्करोगाची पेशी हे बी आहे, ते सगळीकडे पडते, पण योग्य जमीन मिळेल तिथेच रुजते. सीटीवरचे चित्र वाचताना मला हा विचार आजही उपयोगी पडतो, मात्र त्यात मी तिसरी गोष्ट जोडतो, ती म्हणजे उपचार. मूळ गाठीचा स्वभाव, ती ज्या अवयवात रुजली त्याची रचना आणि मधल्या काळात दिलेली औषधे या तिन्हींनी मिळून मेटास्टॅसिसचे रूप ठरते. त्यामुळे ‘हे मेटास्टॅसिससारखे दिसते का’ असे नुसते विचारून भागत नाही. ‘या रुग्णाच्या मूळ कर्करोगाचे मेटास्टॅसिस, या अवयवात, या उपचारांनंतर कसे दिसेल’ असे विचारावे लागते.

प्रथम पोकळ्यांविषयी. छातीच्या एक्स-रेच्या काळातल्या जुन्या अभ्यासांत फुप्फुसातल्या मेटास्टॅसिसपैकी सुमारे ४ टक्क्यांत पोकळी आढळल्याची नोंद आहे. सीटीवर लहान पोकळ्याही दिसतात. यात स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे चपट्या अस्तरपेशींचा कर्करोग, सर्वांत पुढे असतो. या गाठीच्या मध्यभागी केराटिन (त्वचा-नखांतले प्रथिन) साचते, पेशी मरतात, तो भाग मऊ पडतो आणि जवळच्या श्वासनलिकेशी जोडला गेला की बाहेर पडून जातो. मागे उरते ती पोकळी. तोंड, घसा आणि गर्भाशयमुख इथले बहुतांश कर्करोग याच जातीचे असतात, आणि महाराष्ट्रात तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग व गर्भाशयमुखाचा कर्करोग हे दोन्ही आपल्या रोजच्या पाहण्यातले आहेत. म्हणजे ज्या रुग्णवर्गात टीबी जास्त, त्याच वर्गात पोकळी करणारे मेटास्टॅसिसही जास्त. ही गोष्ट स्कॅन वाचणाऱ्याने सतत मनात ठेवली पाहिजे. मोठ्या आतड्याचा ॲडिनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कर्करोग) आणि काही सार्कोमा (हाड, स्नायू अशा ऊतींचे कर्करोग) यांच्यातही पोकळ्या होतात, तसेच केमोथेरपीने, विशेषतः गाठीचा रक्तपुरवठा तोडणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबसारख्या औषधाने, पूर्वी भरीव असलेली गाठ पोकळ होऊ शकते.

पोकळीची भिंत पातळ असेल तर आजार सौम्य आणि जाड असेल तर कर्करोग, हा नियम आपण पाठ केलेला असतो. एकट्या पोकळीसाठी, ४ मिलिमीटरपेक्षा पातळ आणि १५ मिलिमीटरपेक्षा जाड अशा दोन टोकांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. मेटास्टॅसिसच्या बाबतीत मात्र मी त्यावर विसंबत नाही, कारण सार्कोमा आणि ॲडिनोकार्सिनोमाच्या पोकळ्या अत्यंत पातळ भिंतीच्या, जवळजवळ हवेच्या फुग्यासारख्या असू शकतात. त्याऐवजी मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, एकाच स्कॅनमध्ये रोगाच्या निरनिराळ्या अवस्था आहेत का: एक गाठ पूर्ण भरीव, दुसरीत टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र, तिसरीचे नुसते कडे उरलेले. दुसरी, पोकळ्या कुठे आहेत. टीबी वरच्या खंडाच्या शिखराकडील व मागच्या भागांत आणि खालच्या खंडाच्या वरच्या भागात रमतो, तर रक्तावाटे आलेले मेटास्टॅसिस खाली आणि प्ल्यूरालगत (फुप्फुसाच्या आवरणालगत) अधिक आढळते. तिसरी गोष्ट पोकळीच्या आसपासची आहे. टीबीच्या पोकळीतले द्रव्य श्वासनलिकांमधून पसरते, त्यामुळे शेजारी कळ्या आलेल्या फांदीसारखे बारीक ठिपके, आकसलेले फुप्फुस, ओढल्या गेलेल्या श्वासनलिका असे काहीतरी बहुधा सापडते. मेटास्टॅसिसच्या पोकळीभोवतीचे फुप्फुस पुष्कळदा अगदी स्वच्छ असते. गाठीत थेट शिरणारी रक्तवाहिनी दिसली की काहीजण लगेच मेटास्टॅसिस म्हणतात, पण जंतुसंसर्गाच्या सेप्टिक एम्बोलायमध्येही (रक्तातून फुप्फुसात आलेल्या जंतुयुक्त गुठळ्यांत) ती तशीच दिसते, म्हणून तेवढ्यावर निर्णय घेऊ नये.

दुसरे फसवे रूप कॅल्शियमचे आहे. फुप्फुसातल्या गाठीत कॅल्शियम दिसले की ‘जुना, बरा झालेला टीबी’ असे लिहून पुढे जाण्याची सवय आपल्याला लागलेली असते, आणि बहुसंख्य रुग्णांत ते बरोबरच असते. परंतु ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगाची गाठ फुप्फुसातही हाडच तयार करते, कॉन्ड्रोसार्कोमा कूर्चेतले कॅल्शियम घेऊन येतो, आणि आतडे किंवा अंडाशयाच्या म्युसिनस ॲडिनोकार्सिनोमात बारीक भुकटीसारखे कॅल्शियम साचते. थायरॉइडचा पॅपिलरी कार्सिनोमा आणि सायनोव्हियल सार्कोमा यांचीही नावे याच यादीत येतात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका वृद्ध गृहस्थांच्या तीन लहान कॅल्शियमयुक्त गाठींना जुन्या ग्रॅन्युलोमाचे (बऱ्या झालेल्या संसर्गाच्या गाठीचे) लेबल लावले होते. विनंतीपत्रावर फक्त ‘खोकला’ एवढेच लिहिले होते; मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख नव्हता आणि मीही विचारला नाही. आठ महिन्यांनी त्याच गाठी दुप्पट झाल्या होत्या. तेव्हापासून, कॅल्शियम असलेली गाठ वाढत असेल तर ती निरुपद्रवी नाही आणि जुना स्कॅन पाहिल्याशिवाय ती वाढत नाही असे म्हणता येत नाही, हे मी प्रत्येक रेसिडेंटला सांगत आलो आहे.

ऑस्टिओसार्कोमाबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. गुडघ्याजवळच्या अशा गाठीवर उपचार झालेल्या किशोरवयीन मुलाला अचानक छातीत दुखून न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साचणे) झाला, तर त्याला ‘आपोआप झालेला’ म्हणून सोडून देऊ नये. प्ल्यूराला टेकलेली लहानशी गाठ मरून फुटली की तिथून हवा बाहेर पडते, आणि कधी कधी न्यूमोथोरॅक्स हीच फुप्फुसातल्या मेटास्टॅसिसची पहिली खूण असते. फुप्फुस पुन्हा फुगल्यावर पातळ काप घेऊन स्कॅन करावा, कारण आकसलेल्या फुप्फुसात ५ मिलिमीटरची गाठ सहज लपते.

गाठीभोवती धुरकट वलय दिसणे, म्हणजे हेलो साइन, हे बहुतेक वेळा रक्तस्रावाचे लक्षण असते. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णात ते ॲस्परजिलस बुरशीकडे बोट दाखवते आणि तिथे तो विचार आधी करणे योग्यच आहे. पण अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांचा कर्करोग) आणि कोरिओकार्सिनोमा (वारेच्या पेशींचा कर्करोग) यांच्या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात की त्यांच्या मेटास्टॅसिसभोवतीही असाच रक्तस्राव होतो. तरुण स्त्री, अलीकडे झालेले बाळंतपण, गर्भपात किंवा द्राक्षगर्भ, आणि फुप्फुसात वलय असलेल्या गाठी, असे असेल तर सुई हातात घेण्यापूर्वी रक्तातील बीटा-एचसीजी हे गर्भधारणेचे संप्रेरक पाहावे. ती पातळी वाढलेली असेल तर निदानाची दिशा तिथेच ठरते आणि बायोप्सीचा धोका टळतो. या गाठींना सुई लावल्यास जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो. इतक्या साध्या रक्ततपासणीने इतका मोठा अपघात टाळता येतो, आणि शिवाय कोरिओकार्सिनोमा फुप्फुसात पसरल्यावरही औषधांनी बरा होण्याची चांगली शक्यता असते, म्हणून याबद्दल मी नेहमी आग्रहाने बोलतो.

काही मेटास्टॅसिस गाठच करीत नाहीत. स्वादुपिंड किंवा आतड्याच्या ॲडिनोकार्सिनोमाच्या पेशी कधी कधी वायुकोशांच्या भिंती तशाच ठेवून त्यांच्यावर अस्तरासारख्या पसरतात. सीटीवर न्यूमोनियासारखा पांढरा पट्टा आणि त्यात हवेने भरलेल्या श्वासनलिका दिसतात. अँटिबायोटिक्सचे दोन कोर्स होऊनही न विरघळणारा न्यूमोनिया अशा रुग्णात संशयास्पद मानावा. स्तन, जठर आणि स्वतः फुप्फुसाचा कर्करोग लसीकावाहिन्यांमधून पसरला, तर खंडिकांमधल्या भिंती जाड आणि मण्यामण्यांच्या दिसतात. हृदय कमजोर झाल्याने साचलेल्या पाण्यातही त्या जाड होतात, पण त्या गुळगुळीत राहतात आणि सहसा दोन्ही बाजूंना सारख्या असतात; कर्करोगात एकच बाजू किंवा एकच खंड धरलेला असू शकतो. थायरॉइड, मूत्रपिंड आणि मेलॅनोमा यांचे मिलिअरी, म्हणजे बाजरीच्या दाण्यांसारखे मेटास्टॅसिस मिलिअरी टीबीपासून केवळ चित्रावरून वेगळे करता येईलच असे नाही.

याहून अवघड प्रकार गाठीच्या एम्बोलिझमचा आहे. जठर, स्तन, यकृत किंवा मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पेशी फुप्फुसातल्या बारीक धमन्यांमध्ये अडकतात. रुग्णाला काही दिवसांत तीव्र धाप लागते, पल्मनरी अँजिओग्राफीत मोठी गुठळी सापडत नाही, आणि सगळे गोंधळतात. अशा वेळी कडेच्या धमन्या नीट पाहाव्यात: त्या मण्यांच्या माळेसारख्या फुगीर दिसतात, किंवा त्यांच्या टोकांना कळ्या आलेल्या फांदीचे चित्र उमटते. हे चित्र दिसले की हात टीबीकडे जातो, पण इथे कळ्या श्वासनलिकांच्या टोकाला नसून रक्तवाहिन्यांच्या टोकाला असतात. श्वासनलिकांच्या भिंती जाड नसतात आणि त्यांच्यात कफ साचलेला नसतो. ८ ते १० मिलिमीटरच्या जाडीचे एमआयपी चित्र (त्या जाडीतले सर्वांत उजळ बिंदू एकत्र दाखवणारे) बनवून पाहिले, तर हा फरक पुष्कळदा स्पष्ट होतो.

यकृताकडे वळतो. स्तनाच्या कर्करोगाच्या मेटास्टॅसिसवर केमोथेरपी घेतलेल्या स्त्रीचे यकृत काही महिन्यांत खडबडीत, आकसलेले, जागोजाग आत ओढले गेलेले दिसू लागते. कॉडेट लोब हा यकृताचा खंड मोठा होतो, पोटात पाणी साचते, प्लीहा वाढते. हे हुबेहूब सिऱ्होसिस वाटते, म्हणूनच त्याला स्यूडोसिऱ्होसिस म्हणतात. हिपॅटायटीस नाही आणि दारूचा संबंध नाही अशा रुग्णाला ‘सिऱ्होसिस’ असा रिपोर्ट मिळाला की घरच्यांवर विनाकारण नवे दडपण येते आणि मूळ आजार कुठे चालला आहे याकडे दुर्लक्ष होते. जुने स्कॅन शेजारी ठेवले की ज्या जागी गाठी होत्या तिथेच यकृताचा पृष्ठभाग आत ओढला गेल्याचे दिसते. दुसरी बाजू चरबीची. केमोथेरपीने यकृतात चरबी साचली की ते सीटीवर काळवंडते, आणि त्यात गडद दिसणारी गाठ आजूबाजूच्या रंगात मिसळून जाते. गाठ गेली असे वाटते, प्रत्यक्षात फक्त तिचा उठाव गेलेला असतो. अशा वेळी एमआरआय करून घ्यावा.

कॉन्ट्रास्टची, म्हणजे चित्र उजळण्यासाठी शिरेतून देण्याच्या औषधाची, वेळ हा तर स्वतंत्र विषय आहे. मूत्रपिंड, थायरॉइड, न्यूरोएंडोक्राइन गाठी आणि मेलॅनोमा यांचे मेटास्टॅसिस रक्ताने भरलेले असते. ते धमनीच्या टप्प्यात, म्हणजे कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण ३५ सेकंदांनी, उजळते आणि ७० सेकंदांच्या पोर्टल टप्प्यात अवयवात मिसळून जाते. फक्त पोर्टल टप्पा घेतला तर ते निसटते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे स्वादुपिंडातले मेटास्टॅसिस याचे उत्तम उदाहरण आहे: मूत्रपिंड काढून दहा वर्षे किंवा अधिक काळ लोटलेला असतो, रुग्ण ती शस्त्रक्रिया सांगायलाही विसरतो, आणि स्वादुपिंडात एक सुटी, चमकदार गाठ मिळते, जिला स्वादुपिंडाचीच न्यूरोएंडोक्राइन गाठ समजले जाते. स्कॅनमध्ये एक मूत्रपिंड जागेवर नाही, एवढी गोष्ट पाहिली तरी प्रश्न सुटतो.

स्तनाच्या कर्करोगाचा लोब्युलर प्रकार माझ्या मते सर्वांत कपटी आहे. याच्या पेशींमध्ये ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींना धरून ठेवणारे प्रथिन नसते, त्यामुळे त्या गोळा न होता एकामागून एक रांगेने ऊतींमध्ये घुसतात. परिणामी गाठ न होता जठराची भिंत चामड्यासारखी जाड आणि ताठ होते, पोटाच्या मागच्या भागात पातळ थर साचून मूत्रवाहिन्या दाबल्या जातात, आणि मूत्रपिंडांना सूज येते. सीटीचा रिपोर्ट ‘जठराचा कर्करोग’ किंवा ‘रेट्रोपेरिटोनियल फायब्रोसिस’ असा जाऊ शकतो. इथे पॅथॉलॉजिस्टला आधीच्या स्तनाच्या कर्करोगाची माहिती देणे हे रेडिओलॉजिस्टचे कर्तव्य आहे, कारण जठराच्या तुकड्यात दिसणाऱ्या सुट्या पेशी दोन्ही आजारांत सारख्याच वाटू शकतात.

उपचारानंतरच्या बदलांनी होणारी फसगत रुग्णाचे सर्वाधिक नुकसान करते, कारण तिच्यामुळे काम करणारे औषध बंद केले जाते. जिस्ट या पचनमार्गाच्या गाठीवर इमॅटिनिब हे औषध सुरू केल्यावर यकृतातल्या गाठी पातळ द्रवाने भरल्यासारख्या दिसतात आणि काही काळ मोठ्याही होतात. पूर्वी यकृताच्या रंगात लपलेल्या गाठी काळ्या होऊन ‘नव्या’ म्हणून समोर येतात. म्हणूनच २००७ साली मांडलेल्या चोई निकषांत आकार १० टक्के कमी होणे किंवा घनता १५ टक्के कमी होणे, यांपैकी एक गोष्टही प्रतिसाद मानली जाते. त्याउलट, काळ्या पडलेल्या गाठीच्या आत नवा उजळ ठिपका उगवला तर एकूण आकार तोच असला तरी आजार परतला असे समजावे. वृषणाच्या नॉनसेमिनोमा गाठीत रक्तातले मार्कर सामान्य झाले आणि तरीही गाठी वाढत राहिल्या, तर बऱ्याचदा उरलेला भाग परिपक्व टेराटोमाचा असतो. त्यावर केमोथेरपी वाढवून उपयोग नाही, तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. प्रोस्टेट किंवा स्तनाच्या कर्करोगात औषध लागू पडल्यावर पूर्वी न दिसणारी हाडातली जागा पांढरी होऊन उठून दिसते. रुग्णाचे दुखणे कमी झाले असेल आणि पीएसए (प्रोस्टेटचा रक्तातला मार्कर) उतरला असेल, तर ते हाड भरून येत असल्याचे चिन्ह असते. इम्युनोथेरपीत गाठी सुरुवातीला वाढून मग आक्रसू शकतात, म्हणून २०१७ च्या आयरेसिस्ट निकषांनुसार पहिली वाढ पुढच्या स्कॅनने पक्की करूनच निर्णय घ्यावा लागतो.

उरलेल्या अवयवांविषयी थोडक्यात. स्नायूतले मेटास्टॅसिस मध्ये द्रव आणि कडेला उजळ रिंगण असे, अगदी गळवासारखे दिसते. प्रौढ माणसात लहान आतड्यात आतडे शिरले आणि त्वचेवरच्या मेलॅनोमाचा इतिहास असला, तर शिरलेल्या आतड्याच्या टोकाला मेटास्टॅसिस शोधावे. बोटाच्या शेवटच्या पेरातले हाड खाणारी गाठ संसर्ग समजली जाते, पण ती फुप्फुसाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते. मेंदूत द्रवाने भरलेल्या अनेक लहान गाठी न्यूरोसिस्टीसर्कोसिसची (मेंदूतल्या फीतकृमीच्या अळ्यांच्या संसर्गाची) आठवण करून देतात. तिथे सीटीवर थांबू नये.

आता आपल्या रुग्णाकडे परत येतो. टीबीची औषधे एकदम बंद करण्याची घाई करू नये. पण आणखी चार महिने वाट पाहण्याचाही सल्ला मी देणार नाही. कर्करोगाच्या उपचारांच्या वेळचे छातीचे स्कॅन मागवावेत. रुग्णांकडे घरी फिल्म किंवा सीडी बहुधा असतात. आज पोकळी असलेल्या जागी तेव्हा बारीक भरीव गाठ होती का, हे मिलिमीटरने मोजावे. पोट आणि कटिभागाचाही कॉन्ट्रास्टसह स्कॅन करावा, कारण गर्भाशयमुखाचा आजार स्थानिक जागी किंवा महाधमनीजवळच्या लसिकाग्रंथींत परतला असेल तर निदानाचे पारडे झुकते. त्यानंतर सीटीच्या मार्गदर्शनाखाली बायोप्सी घ्यावी. सुई पोकळीच्या मध्यात न नेता भिंतीच्या सर्वांत जाड भागात किंवा शक्य असल्यास भरीव गाठीत घालावी. मध्यभागी मृत पेशींखेरीज काही हाती लागत नाही. न्यूमोथोरॅक्सचा धोका रुग्णाला आधी सांगावा.

एक गोष्ट थिएटरमध्ये जाण्यापूर्वीच ठरवून ठेवावी. दोन्ही आजार एकाच रुग्णात असू शकतात, म्हणून घेतलेला सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नये. एक भाग हिस्टोपॅथॉलॉजीसाठी फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवून सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) व कल्चरसाठी त्याच दिवशी पाठवावा; फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्यावर टीबीचे कल्चर करता येत नाही, आणि मग रुग्णाला दुसऱ्यांदा सुई टोचावी लागते.